पहिली बंदूक: .२२ की छर्ऱ्याची? लहान शिकार, बजेट कमी

माळरान:
नवीन परवाना काढलेली मंडळी सारखी एकच गोष्ट विचारतात, पहिली बंदूक कुठली घेऊ, पैसे बेताचे आहेत, ससे, खारी आणि जमलं तर पक्षी. आणि उत्तर ठरलेलं, बारा बोअरची पंप (दर बारानंतर पुढची मूठ मागेपुढे ओढायची छर्ऱ्याची बंदूक) घे, सगळ्याला चालते. मला हे उत्तर अजिबात पटत नाही म्हणून धागा काढलाय. जिथे कायद्याने शिकारीला परवानगी आहे, हंगाम ठरलेला आहे, तिथल्यांसाठीच बोलतोय हे आधीच सांगतो.

माझं मत: पहिली बंदूक .२२ लाँग रायफल या बारीक काडतुसाची बोल्ट अ‍ॅक्शन (दर बारानंतर बोल्ट हाताने ओढायची रायफल) घ्यावी. बंदुकीचे पैसे एकदाच जातात, काडतुसांचे जन्मभर जातात आणि हे काडतूस सगळ्यात स्वस्त. काडतूस स्वस्त असलं की माणूस सराव करतो, महाग असलं की डबा कपाटात जपून ठेवतो आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी जिवंत जनावरावर नेम शिकायला जातो. ते मला बघवत नाही. शिवाय खांद्याला दणका नाही, आवाज बेताचा, त्यामुळे चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागत नाही, आणि ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही.

१८८७ पासून चालत आलेलं काडतूस आहे. ४० ग्रेनची (अडीच ग्रॅमच्या आसपास) गोळी, सेकंदाला साधारण १२०० फूट वेग, नळीच्या तोंडाशी जोर १३०-१४० फूट-पाउंडच्या आसपास. सशाच्या किंवा खारीच्या डोक्यात बसली तर जनावर जागच्या जागी संपतं आणि मांसही खराब होत नाही.

बोल्टच का, तर प्रत्येक बारानंतर हात हलवावा लागतो आणि तेवढ्यात डोकं चालतं. रुगर १०/२२ भारी रायफल आहे, पुढचं काडतूस आपोआप भरते, १९६४ पासून लोक वापरतायत, पण नवशिक्याच्या हातात दहा गोळ्यांचं मॅगझीन दिलं की पहिली चुकल्यावर दुसरी तिसरी नुसती घाईत जाते. सॅवेज मार्क टू सारखी साधी बोल्ट पुरते.

छर्रेवाला:
माळरान, लिहिलंय छान पण ससा तुमच्यासाठी बसून राहतो का? झुडपातून निघतो, दोन उड्या, दिशा बदलली, संपलं. तिथे .२२ घेऊन नवशिक्या काय करणार, एकतर नुसता बघत राहणार नाहीतर पळत्या जनावरावर गोळी टाकणार आणि मागचा पाय मोडलेला ससा बिळात जाऊन मरणार. पक्ष्यांचं तर बोलायलाच नको, उडत्या पक्ष्यावर रायफल चालवायची नसते, बऱ्याच ठिकाणी कायद्यानेही चालत नाही. म्हणजे तुमची पहिली बंदूक निम्म्या शिकारीला बाद.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा तुम्ही गाळलात. .२२ ची गोळी वर गेली तर दीड मैल जाऊ शकते. सहा नंबरचा छर्रा अडीचशे यार्डांच्या आसपास जमिनीवर येतो. ज्याला अजून पाठीमागे काय आहे हे बघायची सवय लागलेली नाही त्याच्या हातात तुम्ही दीड मैलाची जबाबदारी देताय.

माझं उत्तर वीस बोअरची पंप (बोअरचा आकडा मोठा तशी नळी बारीक). बारा बोअर मीही सांगत नाही, नवख्याला ती जड जाते. मॉसबर्ग ५०० वीस बोअरमध्ये मिळते, १९६१ पासूनचं मॉडेल आहे, जुनी बाजारात भरपूर, सुटे भाग मिळतात. एक बंदूक, चोक (नळीच्या तोंडाचा अरुंद भाग, छर्रे किती पसरतील ते ठरवणारा) बदलला की ससा, खार, पक्षी सगळं.

माळरान:
दीड मैलाचा मुद्दा बरोबर आहे आणि तो वर लिहायला हवा होता. पण मी त्यातून उलट निष्कर्ष काढतो. गोळीच्या मागे माती आहे की आभाळ हे बघितल्याशिवाय चाप ओढायचा नाही ही शिस्त रायफलच शिकवते. छर्ऱ्याची बंदूक घेऊन फिरणारे कित्येक जण झाडीच्या पलीकडे कोण आहे हे न बघताच हलत्या गवतावर बार टाकतात आणि चाळीस यार्डांवरचा छर्रा माणसाचा डोळा घालवायला पुरेसा असतो.

पळत्या सशावर .२२ टाकायची नाही, एवढं साधं आहे. बसलेला शोधायचा. सकाळी लवकर आणि दिवस मावळताना कुंपणाच्या कडेला, गवताच्या काठाला चरायला बाहेर येतो. हळू चालायचं, दहा पावलं टाकायची आणि थांबायचं. ससा दिसायच्या आधी त्याचा डोळा दिसतो, सुकलेल्या गवतात तेवढाच एक काळा गोल ठिपका असतो, बाकी अंगाचा रंग गवतात पूर्ण मिसळलेला. तो बघायला शिकलेला माणूस शिकारी होतो. आवाजाने उडवून बार टाकणाऱ्याला हे कधी दिसतच नाही.

पाऊलवाट:
मी मुलीसाठी बघतेय, वय बारा, माझ्यासोबतच राहणार, एकटी नाही. दुकानात सांगितलं की मुलांसाठी .४१० ची (वीस बोअरहूनही बारीक छर्ऱ्याची) एकनळी घ्या, हलकी, स्वस्त, दणका कमी. इथे कुणी तिचं नावच घेत नाहीये. का?

छर्रेवाला:
ताई, .४१० दिसायला मुलांची आहे पण ती हातात हवी मुरलेल्या माणसाच्या. हिशोब बघा. सहा नंबरचे शिशाचे छर्रे एका औंसाला साधारण २२५. .४१० च्या अडीच इंची काडतुसात अर्धा औंस, म्हणजे ११० च्या आसपास छर्रे. वीस बोअरच्या सात-अष्टमांश औंसात जवळपास १९५. म्हणजे तेवढ्याच अंतरावर जाळं निम्मं विरळ. मुलीचा नेम बरोबर असला तरी छर्ऱ्यांच्या मधल्या फटीतून ससा सुटतो किंवा दोन छर्रे खाऊन पळतो. पंचवीस यार्डांपलीकडे मी तरी .४१० वर भरवसा ठेवणार नाही. वर काडतुसं वीस बोअरपेक्षा महाग पडतात बहुतेक ठिकाणी, मग स्वस्त काय राहिलं?

वीस बोअरची कमी लांबीच्या दस्त्याची, मुलांच्या मापाची बंदूक मिळते ती बघा. आणि हलक्या भरावाची काडतुसं घ्या.

एकनळी:
.४१० बद्दल छर्रेवाला जास्तच कडक बोलतायत. पंचवीस यार्डांच्या आत राहिलं तर चालते, आणि बारा वर्षांच्या मुलीला पंचवीस यार्डांच्या आतच थांबायला शिकवायचं ना? लांबचा बार टाकूच नको हे सांगणारी बंदूक वाईट कशी. पण एक खरं, साडेपाच पौंडाची एकनळी हातात घेऊन दुकानात हलकी हलकी म्हणून खूश होतात तो हलकेपणाच खांद्याला लागतो. तेच काडतूस जड बंदुकीत कमी मारतं. विशेषतः वीस किंवा बारा बोअरची हलकी एकनळी मुलांना देऊ नका, दोन बारांत बंदुकीची भीती बसते.

माप बघायचं असेल तर ढोबळ पद्धत, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या वळणाला टेकवा, बोट आरामात चापापर्यंत पोचलं पाहिजे. मग बंदूक खांद्याला लावायला सांगा, डोळे मिटून, आणि मग डोळे उघडायला सांगा. माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) सरळ समोर दिसली तर माप जमलं. मान वाकवून शोधावी लागली तर ती बंदूक कितीही स्वस्त असो, ठेवून द्या.

हवाई:
सगळे थेट बारूदवाल्या बंदुकीवरच आलात. पहिली बंदूक म्हणून एअर रायफल का नको? खर्चच नाही, डबाभर पेलेट किरकोळ पैशात, घराच्या मागे सुरक्षित जागा असली तर रोज सराव. बऱ्याच देशांत परवान्याची कटकट कमी. ब्रिटनमध्ये १२ फूट-पाउंडच्या आतल्या एअर रायफलने लोक पिढ्यानपिढ्या ससे मारतायत, ती काय खेळण्यातली बंदूक नाही. पॉइंट टू-टूचं पेलेट, पंचवीस-तीस यार्ड, डोक्यात. पुरतं.

माळरान:
पुरतं, पण ज्याला जमतं त्याला. १२ फूट-पाउंड म्हणजे .२२ लाँग रायफलच्या दहाव्या भागाहून कमी जोर, म्हणजे मेंदूत बसली तरच काम होतं, दोन बोटं मागे गेली की जखमी. आणि स्प्रिंगची स्वस्त एअर रायफल नेमाने चालवणं अवघड असतं हे कुणी सांगत नाही. पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला पिस्टन धडकतो, रायफल मागे जाते आणि पुढेही उसळते. घट्ट धरली की पेलेट भलतीकडे. ती हातावर नुसती टेकवून सैल ठेवावी लागते, दरवेळी त्याच जागी. पीसीपीत (आधीच दाबून हवा भरलेल्या एअर रायफलीत) हा त्रास नाही पण पंप नाहीतर टाकी घ्यावी लागते, मग बजेट कुठे गेलं?

हवाई:
अवघड आहे म्हणूनच म्हणतो. स्प्रिंगवर शिकलेला माणूस पुढे कुठलीही रायफल उचलून नेम लावतो. आणि दोन बोटं मागे गेली तर .२२ नेही ससा जखमीच होतो, पोटात बसलेली गोळी पोटातच बसते, जोर दहापट असला म्हणून काय. अंतर कमी ठेवा हेच खरं औषध, आणि एअर रायफल ते सक्तीने पाळायला लावते.

एकनळी:
हवाईंचं हे पटलं.

कुणी नवीन-जुनी वर बोललं नाही म्हणून लिहितो, कारण कमी पैशात खरी चांगली बंदूक जुन्या बाजारातच मिळते. दुकानदाराला विचारून आधी मोकळी आहे ना, आत काडतूस नाही ना, ते स्वतः बघा, मग उघडा. नळी काढून किंवा उघडून उजेडाकडे धरा आणि डोळा हळूहळू फिरवा. आतल्या चकाकीत गोल गोल उजेडाची वर्तुळं दिसतात, ती एकसारखी आतआत गेली पाहिजेत. कुठे वर्तुळ चेपलेलं, अंड्यासारखं दिसलं तर बाहेरून नळीला पोचा आहे. गडद काळी कडी दिसली आणि बाहेरून त्याच जागी बोट फिरवल्यावर फुगवटा लागला तर आत काही अडकलेलं असताना कधीतरी बार झालाय, फुकट मिळाली तरी घेऊ नका. एकनळी-दुनळी असेल तर पुढची लाकडी मूठ काढून, बंद करून हलवून बघा, बिजागरीत खुळखुळ आली तर सोडा. स्क्रूची खाच खरडलेली असेल तर कुणीतरी घरी खोललीय, आत काय केलंय देव जाणे. आणि नळीवर चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) लांबी कोरलेली असते, पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस बसल्यासारखं वाटतं पण ते चालवायचं नसतं.

.२२ मध्ये जुनी मार्लिन मॉडेल ६० स्वस्तात दिसते, १९६० पासूनची, नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतुसं भरायची. चांगली आहे, फक्त ट्यूब रिकामी झाली असं वाटलं तरी एखादं काडतूस आत अडकून राहू शकतं, बोल्ट पुन्हा पुन्हा ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघितल्याशिवाय मोकळी समजायची नाही.

पाऊलवाट:
हे कामाचं आहे, थँक्स. शिशाचं काय? मांस घरी खाणार, मुलगी पण खाणार.

छर्रेवाला:
चांगला प्रश्न. शिशाचे बारीक कण मांसात राहतात, मुलांना तर ते अजिबात नको. जखमेच्या आजूबाजूचं मांस भरपूर कापून टाकायचं, तरी सगळं जात नाही. पाणपक्ष्यांसाठी अमेरिकेत १९९१ पासून शिशाचे छर्रे बंदच आहेत, तिथे स्टील वापरतात. फक्त जुन्या, फुल (खूप अरुंद) चोकच्या बंदुकीत स्टील चालवू नका, नळीचं नुकसान होतं. नवीन वीस बोअर घेतली तर ही अडचण येत नाही, हाही माझ्या बाजूचा मुद्दा धरा.

माळरान:
धरला. पण डोक्यात एक गोळी बसलेला ससा आणि अंगभर छर्रे बसलेला ससा यात खायला कुठला बरा हे ताईंनीच ठरवावं. .२२ मध्ये शिसं नसलेल्या गोळ्याही मिळतात, महाग आहेत. सराव साध्या काडतुसाने करा आणि शिकारीपुरत्या त्या घ्या, फक्त त्यांच्यासाठी नेम वेगळा लावून घ्यावा लागेल, दोन्ही एकाच जागी लागत नाहीत.

नेमावरून आठवलं, .२२ घेतलीच तर दुर्बीण रिमफायरचीच (.२२ सारख्या काडतुसांसाठी बनवलेली) घ्या, ५० यार्डांना बसवलेली. नेम ५० यार्डांवर लावला की १०० वर गोळी सहाएक इंच खाली जाते म्हणून तिकडे जायचंच नाही, आणि दहा यार्डांवरही अर्धा-पाऊण इंच खाली लागते कारण दुर्बीण नळीच्या वर बसलेली असते. खारीचं डोकं केवढं असतं! जवळचा बार सोपा समजून कित्येक जण तिथेच चुकतात.

छर्रेवाला:
खारीवरून विचारतो, खार फांदीवर असते, गोळी वर जाते. आत्ताच म्हणालात मागे माती हवी. मग?

माळरान:
मग बुंध्याला चिकटलेली असेल तरच. जाड बुंधा मागे पाहिजे, आभाळ असेल तर बार नाही. ती बुंध्याच्या पलीकडे सरकते, थांबायचं, पुन्हा येते. नाही आली तर नाही.

छर्रेवाला:
आणि वीस बोअरवाला तोवर दोन खारी पिशवीत टाकून पुढच्या झाडाखाली गेलेला असतो. पानं दाट असताना बुंधा दिसतच नाही माळरान, हंगामाचे पहिले कित्येक आठवडे तुमचा नवशिक्या रिकाम्या हाताने घरी येणार. पुढच्या वर्षी परवाना काढेल का तो?

माळरान:
काढेल. सराव झालेला असेल त्याचा. पानं गळली की मग बघा.

पाऊलवाट:
मुलीला शनिवारी रेंजवर नेतेय, तिथे वीस बोअरची मुलांच्या मापाची आणि .२२ बोल्ट दोन्ही भाड्याने मिळतात. एकनळींनी सांगितलेलं डोळे मिटून खांद्याला लावायचं तेही करून बघेन. कुठली घेतली ते सांगते.