पहिलीच कामाची ट्रिप आणि तीही सौदीला: तुमचे अनुभव लिहा

आमच्या टीममधली एक मुलगी पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच कंपनीच्या कामाला दम्मामला चाललीये, एकटी. घरचे घाबरलेत, ती स्वतः घाबरलेली नाही पण रोज मला दहा प्रश्न विचारते. मी 2022 मध्ये गेले होते, जुबैलच्या एका प्लांटमध्ये व्हेंडर मीटिंग आणि क्वालिटी ऑडिट, सहा दिवस. माझ्या एकटीच्या अनुभवावर तिला सगळं सांगणं बरोबर वाटत नाही म्हणून इथे विचारतेय. जे खरंच घडलं तेच लिहा, ऐकीव गोष्टी नकोत, त्या तिच्या आत्याने भरपूर सांगून झाल्यात.

सुरुवात माझ्यापासून. मी मोहम्मद अली रोडवरून दोन साधे काळे अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचे पायघोळ झगे, घेतले होते. 2019 पासून परदेशी बायकांना अबाया सक्तीचा नाही, सैल, अंगभर, खांदे-गुडघे झाकणारे कपडे पुरतात. पण जुबैल हे कारखान्यांचं गाव आहे, रस्त्यावर बाई कमीच दिसते, मला अबायात मोकळं वाटलं, कोणी वळून बघत नव्हतं. डोक्यावर ओढणी कोणी घ्यायला लावली नाही, गळ्यात असायची. मीटिंगला पहिल्या दिवशी मी सवयीने हात पुढे केला आणि समोरच्या वयस्कर मॅनेजरांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. क्षणभर मला अपमान वाटला, मग लक्षात आलं की त्यांच्याकडून तो मानच होता, आणि मीही नमस्कार करून मोकळी झाले. त्यानंतर मी ठरवलं, समोरून हात आला तर द्यायचा, नाहीतर छातीवर हात. त्यांच्याच ऑफिसमधल्या दोन सौदी मुलींनी मात्र चांगला घट्ट हात मिळवला, वर मला जेवायला घेऊन गेल्या.

हॉटेल कंपनीच्याच लोकांनी सुचवलेलं, रात्री खाली उतरायचं झालं तर रिसेप्शनला सांगून. भीती अशी एकदाही वाटली नाही. त्रास झाला तो उन्हाचा आणि दमटपणाचा, जूनमध्ये गेले होते, चष्मा बाहेर पडल्या पडल्या धुरकट. बाकीचं तुम्ही लिहा.

पिंपरीहून, कमिशनिंगचं काम करणारा

ताई, सगळ्यात आधी तिचा व्हिसा बघा. कपडे नंतर. मी बिझनेस व्हिजिट व्हिसावर गेलो होतो, तो मीटिंग, चर्चा, पाहणी यासाठी असतो. क्लायंटने दुसऱ्याच दिवशी कव्हरऑल आणि सेफ्टी शूज हातात दिले, म्हणे पॅनेल उघडा आणि सुरू करून द्या. आपल्याला वाटतं एवढ्यात काय बिघडलं, इथवर आलोय तर करून देऊ. पण ते त्यांच्या कायद्याने काम झालं, आणि या व्हिसावर काम करताना सापडलो तर दंड, डिपोर्ट आणि पुढे प्रवेशबंदी, हे सगळं आपल्या नावावर लागतं, कंपनीच्या नाही. मी पुण्यात बॉसला फोन केला, बॉस म्हणाला दोन तासांचं काम आहे करून टाक. मी नाही केलं. दीड दिवस नुसता कॉन्फरन्स रूममध्ये बसून त्यांच्या माणसाला तोंडी सांगत होतो, हात लावला नाही. बॉस नाराज झाला, माझ्या अप्रेजलमध्येही ते निघालं, तरी आजही मी तेच करीन. नंतर त्या कामाला आमचा दुसरा माणूस टेम्पररी वर्क व्हिसा काढून गेला, म्हणजे रस्ता होता, कंपनीला आधी काढायचा नव्हता एवढंच.

आणखी एक, व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी असतात, व्हिसा कधीपर्यंत चालेल आणि एका वेळी किती दिवस राहता येईल. एक वर्षाचा मल्टिपल एंट्री म्हणजे वर्षभर राहता येतं असं नाही. हे दोन आकडे तिला पाठ करायला लावा.

डोंबिवलीहून, आयटी

माझं छोटं आहे पण सांगतो. पाठदुखीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या होत्या, बॅगेत टाकताना बायकोने स्ट्रिपच्या मागचं वाचलं, त्यात ट्रामाडॉल. तिथे हे नियंत्रित औषध आहे. डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घेतली आणि गेलो. कोडीनवाला खोकल्याचा सिरप, झोपेच्या, अँग्झायटीच्या गोळ्या, सगळं हेच. खरंच लागत असेल तर प्रिस्क्रिप्शन हवंच आणि अशा औषधांना सौदीच्या फूड अँड ड्रग ऑथॉरिटीची परवानगी आधी ऑनलाईन काढावी लागते. बाकी साध्या गोळ्यासुद्धा मूळ स्ट्रिपमध्येच न्या, डबीत मोकळ्या भरू नका.

साताऱ्याची, सध्या पुण्यात

वरच्या औषधांवरून आठवलं, खसखस!! कोणी लिहिलंच नाही. सौदीत, दुबईतही, खसखस बंदी असलेल्या मालात येते, अफूच्या झाडाचं बी म्हणून. आणि आपल्या घरात ती कुठे कुठे असते बघा, डिंकाच्या लाडवात, अनारशाला, कित्येक घरांत गोड्या मसाल्यात वाटून. माझ्या आईने प्रेमाने डब्बा भरून लाडू बांधले होते, मी निघायच्या आदल्या रात्री विचारलं खसखस घातलीस का, ती म्हणाली अगं मूठभर तर आहे. तो डब्बा घरीच ठेवला, आई दोन दिवस बोलली नाही नीट. ज्या देशात ड्रग्जच्या तस्करीला फाशीपर्यंत शिक्षा आहे तिथे कस्टमवाल्याला गोडा मसाला समजावत बसायची माझी तयारी नव्हती. चिवडा, चकली, थेपले नेले, कोणी विचारलंही नाही.

दुसऱ्याचं पार्सल हाही तोच मुद्दा. सोसायटीतल्या काकांनी त्यांच्या भाच्यासाठी शिवलेलं पाकीट दिलं, "फक्त लोणचं आणि औषधं" म्हणून. मी म्हटलं काका माझ्यासमोर उघडा, आणि औषधं नाही नेणार. राग आला त्यांना. येऊ दे.

रत्नागिरी जिल्हा, सध्या जेद्दा

धागा वाचतोय सकाळपासून, चांगलं लिहिताय सगळे. मी खेडकडचा, कोकणी मुसलमान, आमच्या गावात घरटी एखादा माणूस आखातात असतोच, माझे वडील होते, मी सतरा वर्षं आहे. ताई, त्या मुलीला सांगा घाबरायचं काही नाही, पण सहज म्हणूनही काही बोलायचं नाही अशा तीन गोष्टी आहेत: धर्म, राजघराणं आणि तिथलं राजकारण. गप्पांत कोणी विषय काढला तरी हसून बाजूला व्हायचं. आणि फोनवर तर अजिबात नाही. इथे 2007 पासून सायबर गुन्ह्यांचा कायदा आहे, धर्माला किंवा सार्वजनिक व्यवस्थेला धक्का लावणारी पोस्ट, फॉरवर्डसुद्धा, गुन्ह्यात धरतात. आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपवर काय काय येतं ते मला माहितीये, माझ्या शाळेच्या ग्रुपवरही येतं. निघण्याआधी असे ग्रुप आर्काइव्ह नाही, सोडूनच द्या, फोटो-व्हिडिओचं ऑटो डाउनलोड बंद करा.

दुसरं, रस्ता. वीस वर्षांपूर्वीची मुतव्वांची, म्हणजे धार्मिक पोलिसांची, भीती लोक अजून मनात घेऊन येतात, पण त्यांचा अटकेचा अधिकार 2016 मध्येच गेला. इथे मला स्वतःला भीती वाटते ती गाडीखाली येण्याची. वाहनं उजव्या बाजूने चालतात, आपण सवयीने भलत्या बाजूला बघून रस्त्यावर पाय टाकतो. काही हायवेंवर मर्यादाच 140 ची आहे. मागे बसलात तरी बेल्ट लावा. ड्रायव्हर जास्त पळवत असेल तर "शुवय्या शुवय्या" म्हणा, हळू हळू, कोणी वाईट मानत नाही. ड्रायव्हर केरळचा नाहीतर पाकिस्तानी निघाला तर हिंदीत बोललात तरी चालतं. रस्त्यात हात करून गाडी थांबवू नका, ॲपवरून बोलवा, नोंद राहते.

आणि मक्का. मुसलमान नसलेल्यांना मक्केत प्रवेश नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, पण मॅप लावला की जेद्दाहून ताइफचा जवळचा रस्ता मक्केवरून दाखवतो. माझ्या ओळखीचा एक नाशिकचा मुलगा सुट्टीत ताइफला निघाला होता, तिथली गुलाबाची शेती बघायला, स्वतः गाडी चालवत. नशीब मला फोन केला. गैरमुस्लिमांसाठी बाहेरून वळण घेणारा वेगळा रस्ता आहे, पाट्या लागतात, त्या बघून जायचं.

कॉफीचं पण सांगतो. गहवा म्हणजे वेलची घातलेली फिक्की कॉफी, बिनकानाच्या छोट्या कपात, सोबत खजूर. उजव्या हाताने घ्यायची. नको असेल तर कप जरा हलवून परत द्यायचा, नाहीतर तो माणूस ओततच राहतो. पहिला कप नाकारू नका, त्यांच्या मनाला लागतं ते.

सोलापूरहून, डाळिंब निर्यात

मी नोकरीवाला नाही, माझा स्वतःचा धंदा आहे त्यामुळे माझा अनुभव वेगळा. 2018 ला एका खरेदीदाराकडे अडकलेलं पेमेंट सोडवायला गेलो होतो. माणूस फार अगत्याचा, विमानतळावर घ्यायला आला, घरी जेवायला नेलं, भलं मोठं ताट, मी शाकाहारी म्हणून माझ्यासाठी वेगळा भात केला. तिसऱ्या दिवशी ऑफिसात अरबी कागद पुढे ठेवला, दोन पानं, म्हणे ही फक्त पोच आहे, सही करा, उद्या पैसे बँकेत. पाहुणचार एवढा झालेला की नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती, खरं सांगतो पेन हातात घेतलं होतं. पण मला बापाने शिकवलंय न वाचता सही नाही. म्हटलं हॉटेलवर नेतो, रात्री वाचून सकाळी आणतो. भाषांतराची अधिकृत ऑफिसं असतात, तिथे करून घेतलं, तर त्यात लिहिलेलं की दोन कंटेनरमधला माल खराब निघाला आणि त्याची भरपाई माझ्याकडे लागू. तिथल्या कोर्टात अरबी मजकूरच धरतात, तुमच्याकडे इंग्रजी प्रत असली तरी. आणि पैशाच्या वादात समोरच्याने केस केली तर देश सोडायला बंदी येऊ शकते, मग केस मिटेपर्यंत बसा तिथेच. सही केली असती तर येणं दूरच, मीच देणेकरी होऊन अडकलो असतो. मी सकाळी शांतपणे सांगितलं की हे माझ्या वकिलाला दाखवावं लागेल, भांडलो नाही, आवाज चढवला नाही, आणि त्याच रात्रीच्या विमानाने निघालो. पैसे पुढे आठ महिन्यांनी मिळाले, पूर्ण नाही.

म्हणून त्या मुलीला सांगा, अरबी कागदावर सही नाही, आणि पासपोर्ट कोणाच्या ताब्यात नाही. गेटपाससाठी मागितला तर फोटोकॉपी द्यायची, मूळ दाखवून परत घ्यायचा.

ठाण्याहून, इन्स्ट्रुमेंटेशन

फोटो. माझी चूक झाली ती लिहितो. कंपनीच्या बसमधून जाताना संध्याकाळी प्लांटचे फ्लेअर, म्हणजे उंच चिमणीवर जळणाऱ्या गॅसच्या ज्वाळा, फार सुंदर दिसत होते, मुलाला दाखवायला म्हणून खिडकीतून दोन फोटो काढले. गेटवर गार्डने फोन मागितला. तेल, बंदर, विमानतळ, सरकारी इमारती, पोलिस, कशाचाच फोटो काढायचा नसतो, मला ते बसायच्या आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. दोन तास एका खोलीत बसवलं, वागणूक चांगली होती, पाणी दिलं, पण त्या दोन तासांत माझ्या डोक्यात जे काय येऊन गेलं ते सांगता येत नाही. आमचा तिथला सौदी होस्ट आला, त्याने हमी दिली, फोटो डिलीट झाले, सोडलं. त्याचा नंबर मला पाठ नव्हता, फोन तर गार्डकडे. कागदावर लिहून खिशात ठेवलेला म्हणून वाचलो. होस्टचा नंबर, हॉटेलचा पत्ता, रियाधच्या दूतावासाचा नाहीतर जेद्दाच्या कॉन्सुलेटचा नंबर, कागदावर. रियाध, मक्का विभाग आणि पूर्व प्रांतात, म्हणजे दम्मामलाही, इमर्जन्सीला 911 चालतो.

बायकांचे फोटो तर कोणी चुकून मागे आली तरी काढू नका.

नागपूरहून, निवृत्त

मी 2009 मध्ये गेलो होतो, तेव्हा अजानच्या वेळी दुकानं बंद व्हायची, मी एकदा हॉटेलात जेवत असताना शटर ओढलं आणि नमाज होईपर्यंत आम्ही आतच. आता 2021 पासून दुकानं उघडी ठेवायची मुभा आहे असं मुलगा सांगतो, तो रियाधला जात असतो, तरी मीटिंग ठरवताना नमाजच्या वेळा बघून ठरवाव्यात हे माझं मत. आमच्या वेळी सुट्टी गुरुवार-शुक्रवार होती, 2013 पासून शुक्रवार-शनिवार झाली. रविवारी कामाचा पहिला दिवस, त्यामुळे शुक्रवारी पोचून काही उपयोग नाही. शाकाहारी असेल तर सकाळी फूल आणि तमीस खायला सांगा, फूल म्हणजे शिजवून घोटलेली बाकल्याची उसळ, वर तेल-लिंबू, आणि तमीस ही मोठी तंदुरी रोटी. आमच्या वेळी दोन-चार रियालात पोट भरायचं.

नवी मुंबईहून

मी रमजानमध्ये गेले होते, मुद्दाम नव्हे, तारीखच तशी पडली. त्यांचं वर्ष आपल्यापेक्षा अकराएक दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो, तिकीट काढायच्या आधी बघा. दिवसा चारचौघांत खाणं, पाणी पिणं, सिगरेट, काही नाही, गाडीतसुद्धा नाही. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत दार लावून पाणी प्यायचे, तिथल्या मॅडमनेच ती जागा दाखवली होती. कामाचे तास कमी होतात, सहीला माणूस सापडत नाही, आणि खरी मीटिंग रात्री दहाला सुरू होते. माझी शेवटची मीटिंग रात्री साडेअकराला संपली, भारतात तेव्हा दोन वाजलेले, आई जागी होती. त्या मॅडमने स्वतः गाडी चालवत मला हॉटेलवर सोडलं. म्हणाली, 2018 पर्यंत मला हे करता आलं नसतं.