मदत हवी आहे: छाटणी किती फुटांवर घ्यायची? (तातडीचं)

शिवार_औसा: उद्या सकाळी छाटणीला माणूस येतोय. झाडं एकमेकांत घुसायला लागलीत. किती फुटांवर कापायला सांगू? लवकर सांगा, हा माणूस परत लवकर मिळत नाही.

बांधावरची: झाडं कसली? किती वर्षांची?

देवगडचा: आंबा असेल तर मधली उभी फांदी काढा. आमच्या जुन्या हापूसला तेवढंच करतो, ऊन बुंध्यापर्यंत पोचतं. आणि बांडगूळ दिसलं तर फांदीसकट उतरवा, नुसतं ओरबाडलं तर परत फुटतं.

शिवार_औसा: बांडगूळ नाहीये हो. केसर आंबा, चौथं वर्ष. दोन ओळी पेरू, बांधाला सीताफळ. सगळं एकदमच उरकायचंय.

तासगावकर: मग ऑक्टोबर छाटणी घ्याच. आम्ही एप्रिलला खरड (काड्या पार आखूड कापायच्या), ऑक्टोबरला फळछाटणी घेतो. बिनधास्त कापा.

बांधावरची: दादा, ते द्राक्षाचं. तिथे काडीत घड आधीच धरलेला असतो, छाटलं की बाहेर येतो. आंब्याचा मोहोर पक्व काडीच्या शेंड्याला. सप्टेंबर सरत आलाय, आता शेंडे उडवले तर पालवी येईल, मोहोर जाईल. केसरला फळ उतरल्यावर, जूनमध्ये. सीताफळ तर आत्ता फळावर असेल! त्याला पानगळ झाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. पेरू नव्या फुटीवर फुलतो, त्याला छाटणी मानवते. पण आत्ता फळं आहेत का त्यावर?

कोथरूडकर: परवानगी काढलीत का? १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्याने फांदी तोडायलाही लागते.

देवगडचा: तो कायदा शहरातल्या झाडांचा. हे शेत आहे.

शिवार_औसा: गेल्या वर्षी याच माणसाने एक फांदी कोयत्याने तोडली. साल चार बोटं खाली फाटली, कडेने काळा डिंक अजून गळतोय. रोज बघतो आणि जीव तुटतो.

देवगडचा: कोयता नकोच. करवतीने फाटका भाग साफ करा आणि बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. लोखंडी बादलीत कालवू नका.

शिवार_औसा: माणसाला फोन केला, आंब्याला हात लावू नको म्हटलं. पण कलमाच्या जोडाखालून हातभर फुटवे आलेत. तेही जूनपर्यंत ठेवायचे?

बांधावरची: नाही, नाही. ते ज्यावर कलम बांधलंय त्या गावठी खुंटाचे, कलमाचं खाणं पळवतात. उद्याच बुडातून काढा. आणि पेरूचं सांगा ना, फळं आहेत का?