सौर वीज इतकी स्वस्त झाली, तरी नेट झीरोचे गाडे अडते कोठे?

प्रश्न

ऊर्जा क्षेत्राशी माझा व्यावसायिक संबंध नाही. वाचनाची आवड एवढेच भांडवल. गेली काही वर्षे सातत्याने वाचनात येते की, बहुतेक देशांत नवा कोळसा प्रकल्प उभारण्यापेक्षा नवा सौर किंवा पवन प्रकल्प स्वस्त पडतो. सौर पॅनेलच्या किमती २०१० नंतरच्या दशकात सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या. उद्दिष्टांचीही वानवा नाही. ब्रिटनने नेट झीरोचे, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण या स्थितीला २०५० पर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट २०१९ मध्ये कायद्यातच घातले, चीनने २०६० आणि भारताने २०७० हे वर्ष जाहीर केले, आणि २०२३ च्या दुबई हवामान परिषदेत जगाची नवीकरणीय क्षमता २०३० पर्यंत तिप्पट करण्याचे ठरले.

असे असताना स्वस्त वस्तू महाग वस्तूला बाजारातून हुसकावून लावते हा साधा नियम येथे का चालत नाही? अनुदाने, लिलाव, कर आणि बंदी अशी सगळी आयुधे सरकारांना का परजावी लागतात? ‘राजकीय इच्छाशक्ती नाही’ हे ठरावीक उत्तर मला पटत नाही, कारण ज्या देशांत ती दिसते तेथेही कामे रखडलेली आहेत. नेमकी अडचण कोठे आहे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नातील ‘स्वस्त’ या शब्दापाशीच थोडे थांबावे लागेल. जी किंमत आपण वाचता ती प्रकल्पाच्या फाटकापाशी मोजलेली असते. ग्राहकाला मात्र वीज हवी असते ती त्याच्या घरात, आणि तीही तो बटण दाबेल त्या क्षणी. या दोन बिंदूंमधल्या अंतराचा खर्च त्या आकड्यात धरलेला नसतो.

मी काही वर्षे भार प्रेषण केंद्रात, म्हणजे कोणत्या प्रकल्पाने किती वीज द्यायची हे क्षणोक्षणी ठरवणाऱ्या केंद्रात, पाळीवर काम केले आहे. दुपारी समोरच्या पडद्यावर सौर विजेचा आलेख डोंगरासारखा उभा असतो आणि औष्णिक संच जेमतेम धुगधुगी राहील इतक्या कमी भारावर चालवलेले असतात, कारण ते पूर्ण बंद केले तर संध्याकाळी वेळेवर पेटत नाहीत. सूर्य कलू लागला की तो डोंगर घसरू लागतो, नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात, आणि दोन-तीन तासांत एवढी मोठी तफावत भरून काढायची असते की, पाळीवरचा माणूस फोन खाली ठेवत नाही. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड संचालकांनी २०१३ मध्ये मागणीतून सौर आणि पवन वीज वजा केल्यावर उरणाऱ्या भाराचा आलेख प्रसिद्ध केला तेव्हा त्याचा आकार बदकासारखा दिसला, म्हणून त्याला ‘डक कर्व्ह’ हे नाव पडले. नाव गमतीचे आहे, पण पोट खोल जाणारे हे बदक दरवर्षी अधिक त्रासदायक होत गेले.

दुसरी बाब वारंवारतेची. ग्रिडवर मागणी आणि पुरवठा यांचा तोल क्षणोक्षणी राखावा लागतो. तो ढळला की ५० हर्ट्झची वारंवारता हलते. जुन्या व्यवस्थेत शेकडो टनांची फिरती जनित्रे हा धक्का आपल्या जडत्वाने काही सेकंद सोसत असत. सौर पॅनेल इन्व्हर्टरमार्फत जोडलेले असते आणि त्यात फिरणारे काहीच नसते. दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने पारेषण मनोरे पडले, व्होल्टेज वारंवार खाली गेल्यावर अनेक पवनचक्क्या त्यांच्यात बसवलेल्या संरक्षण मर्यादांमुळे ग्रिडपासून आपोआप तुटल्या, शेजारच्या राज्याशी जोडणारी वाहिनी तुटली आणि संपूर्ण राज्य अंधारात गेले. पुढे तेथे चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवण्यात आले. हे यंत्र वीज निर्माण करत नाही. ते फक्त फिरत राहते आणि ग्रिडला आधार देते. वीज न देणाऱ्या यंत्रासाठी पैसे मोजायचे, हे धोरण आखणाऱ्यांना पटवणे किती अवघड असते याची कल्पना करून पाहा.

२८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल काळोखात गेले. या घटनेवरून दोन्ही बाजूंनी बराच गदारोळ झाला. तपासात पुढे आले ते असे की, व्होल्टेज अनियंत्रितपणे वाढत गेले आणि प्रकल्प एकामागून एक ग्रिडपासून तुटत गेले. बहुतेक नवीकरणीय प्रकल्प त्या वेळच्या नियमांनुसार ठरावीक पॉवर फॅक्टरवर, म्हणजे व्होल्टेज पाहून आपले वर्तन न बदलता, चालत होते. व्होल्टेज सक्रियपणे सावरण्याचे काम त्यांच्याकडे नव्हतेच. इन्व्हर्टर हे काम करू शकतो. तंत्रज्ञान हाताशी होते, नियमावली मागे राहिली होती. माझ्या मते धोरणातील सर्वांत दुर्लक्षित जागा हीच आहे.

राहता राहिली तार. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार किमान ३,००० गिगावॅटचे नवीकरणीय प्रकल्प जोडणीच्या रांगेत उभे होते. सौर प्रकल्प एक-दोन वर्षांत उभा राहतो, पारेषण वाहिनीला मात्र सहज दशक लागते. जर्मनीत उत्तरेकडची पवन वीज दक्षिणेकडच्या कारखान्यांपर्यंत नेणारी ‘स्यूडलिंक’ ही सुमारे ७०० किलोमीटरची वाहिनी २०२२ मध्ये सुरू व्हायची होती. मनोऱ्यांना विरोध झाला, २०१५ मध्ये ती जमिनीखालून न्यायचे ठरले, आखणी नव्याने करावी लागली, आणि आता तारीख २०२८ ची आहे. याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणता येणार नाही. प्रत्येक शेताच्या मालकाला ऐकून घेण्याचा हा कालावधी आहे, आणि तो कमी करायचा तर कोणाचा तरी ऐकून घेतला जाण्याचा हक्क कमी करावा लागतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद तांत्रिक बाजूने चोख आहे, परंतु पैशाची बाजू त्यात आलेली नाही, आणि आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर बरेचसे तेथे आहे.

कोळसा प्रकल्पाचा मोठा खर्च इंधनाचा असतो आणि तो वर्षानुवर्षे विभागून येतो. सौर आणि पवन प्रकल्पाला इंधन लागत नाही. जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी, बहुधा कर्ज काढून करावा लागतो. त्यामुळे त्याची वीज स्वस्त की महाग हे सूर्यप्रकाशाइतकेच व्याजदर ठरवतो. विकसनशील देशांत भांडवल श्रीमंत देशांच्या दुपटीहून महाग पडते, म्हणून भरपूर ऊन असलेल्या गरीब देशातली सौर वीज ढगाळ श्रीमंत देशातल्या विजेपेक्षा फारशी स्वस्त ठरत नाही. ऊन फुकट असते, कर्ज नसते.

ब्रिटनचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे सरकार लिलाव करून विकासकाला दीर्घ मुदतीसाठी (या फेऱ्यांत ती १५ वर्षे होती) ठरावीक दराची हमी देते; बाजारभाव त्याखाली गेला तर फरक त्याला मिळतो, वर गेला तर तो त्याने परत करायचा. वर्षामागून वर्षे बोली खाली येत गेल्या आणि सरकारला वाटले की ही घसरण अशीच चालू राहील. दरम्यान व्याजदर आणि पोलादाच्या किमती वाढल्या. २०२३ च्या लिलावात समुद्रातील पवन विजेसाठी कमाल दर २०१२ च्या किमतींनुसार दर मेगावॅट-तासाला ४४ पौंड ठेवला होता. एकही बोली आली नाही. पुढच्या फेरीसाठी तो ७३ पौंड केला तेव्हा विकासक परत आले. एका आकड्याच्या चुकीने समुद्रातील पवन विजेची एक अख्खी फेरी वाया गेली.

याउलट केवळ बाजारभावावर विसंबले तर काय होईल याची झलक जर्मनीत दिसते. तेथे २०२४ मध्ये ४५७ तास घाऊक बाजारातील विजेचा भाव शून्याच्याही खाली होता, म्हणजे वीज विकणाऱ्यालाच पैसे मोजावे लागत होते. सर्व सौर प्रकल्प एकाच वेळी विकायला येतात, त्यामुळे ते आपलाच भाव पाडतात. प्रकल्प जितके वाढतील तितकी पुढच्या प्रकल्पाची कमाई घटेल. स्वस्त वस्तूने बाजार जिंकण्याचा आपला नियम येथे उलटा फिरतो, आणि सरकारी हमीशिवाय बँक दारात उभी करत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ‘फाटकापाशी मोजलेली किंमत’ ही गोष्ट मला खरोखरच ठाऊक नव्हती. दोन उपप्रश्न आहेत. दुपारची वीज संध्याकाळी वापरायची तर बॅटऱ्या हा सरळ उपाय नाही काय? आणि इतक्या लिलावांच्या व हमींच्या भानगडीत पडण्यापेक्षा कार्बनवर एकच कर लावून बाकी बाजारावर का सोडू नये?

प्रतिसाद ३

पहिल्या उपप्रश्नापुरते लिहितो. दुपार ते संध्याकाळ या अंतरासाठी होय, बॅटरी हा उत्तम उपाय आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ च्या अखेरीस उभी राहिलेली हॉर्न्सडेलची बॅटरी १०० मेगावॅट आणि १२९ मेगावॅट-तासांची होती, म्हणजे पूर्ण क्षमतेने चालवली तर सव्वा तासाहून थोडी जास्त. तेव्हा ती जगातील सर्वांत मोठी लिथियम-आयन बॅटरी होती. आज चार तासांच्या बॅटऱ्या सर्रास बसतात. उदंचन जलविद्युत, म्हणजे जादा विजेने पाणी वर चढवून ठेवायचे आणि गरजेला खाली सोडून वीज करायची ही पद्धत, त्याहून अधिक काळ पुरते, पण त्यासाठी डोंगर आणि पाणी लागते. खरा प्रश्न आठवड्यांचा आहे. उत्तर युरोपात हिवाळ्यात वारा पडलेला आणि आभाळ दाटलेले असे अनेक दिवस सलग येतात, आणि तेव्हा चार तासांची बॅटरी पहिल्याच दिवशी रिकामी होते. अशा दिवसांसाठी हायड्रोजन साठवावा म्हणतात. पण एक किलो हायड्रोजन बनवायला ५० युनिटांहून अधिक वीज लागते आणि तो जाळून पुन्हा वीज केली तर निम्म्याहून बरीच कमी हाती येते. वर्षातून मोजकेच दिवस चालणाऱ्या या व्यवस्थेचा खर्च कोणत्या बिलात टाकायचा, यावर अजून कोठेही एकमत नाही.

एक गोष्ट येथे सुटून जात आहे. जगात अंतिम वापराच्या ऊर्जेपैकी वीज जेमतेम पाचवा हिस्सा आहे. सिमेंटचेच पाहा. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली की तिच्यातून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, मग भट्टी कोळशावर चालवा किंवा सौर विजेवर. तेथे वीज कितीही स्वस्त झाली तरी उत्सर्जन शून्यावर येत नाही. वायू पकडून पुरावा लागतो किंवा सिमेंटच बदलावे लागते.

प्रतिसाद ४

कार्बन कराबद्दल. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो निर्विवाद सर्वोत्तम उपाय आहे, आणि तो चालतच नाही असेही नाही. स्वीडनमध्ये तो १९९१ पासून आहे. परंतु फ्रान्समध्ये २०१८ च्या अखेरीस इंधनावरील करवाढीविरुद्ध पिवळी जाकिटे घालून लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. कॅनडाने तर जमा झालेल्या कराचा मोठा भाग थेट कुटुंबांच्या खात्यात परत दिला. तरीही १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरील तो आकार शून्य करावा लागला. कर पंपावर दर आठवड्याला डोळ्यांना दिसे, परतावा तीन महिन्यांनी खात्यात मुकाट जमा होई. माणसे हिशेबात कच्ची असतात असे मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे गाडीखेरीज कामावर जाण्याचा दुसरा मार्गच नाही, त्याला किमतीचा इशारा देऊन तो करणार तरी काय?

म्हणून पहिल्या प्रतिसादाशी मी थोडा असहमत आहे. नियमावली मागे राहिली हे खरे, पण ती बहुधा मागे राहते ती खर्च कोणाच्या माथी मारायचा हे ठरत नाही म्हणून. बाहेरच्या हवेतील किंवा जमिनीतील उष्णता घरात ओढून आणणाऱ्या उष्मा पंपाचे उदाहरण घ्या. एक युनिट वीज घेऊन तो घराला साधारण तीन युनिट उष्णता देतो. यंत्र म्हणून गॅसच्या बॉयलरने त्याच्यापुढे हात टेकावेत. पण जेथे विजेचा दर गॅसच्या चौपट असतो तेथे हे गणित घरमालकाच्या विरोधात जाते. आता विजेचा दर इतका का? कारणे अनेक आहेत, पण युरोपातील अनेक देशांत त्यांपैकी एक असे की, नवीकरणीय प्रकल्पांना दिलेल्या हमीचा खर्च वर्षानुवर्षे वीजबिलावरच आकारला गेला आणि गॅसच्या बिलाला फारसा हात लागला नाही. म्हणजे स्वच्छ वीज आणण्याच्या खर्चानेच ती वापरण्याची वाट अडवली. जर्मनीने हा अधिभार १ जुलै २०२२ रोजी वीजबिलावरून काढला. खर्च नाहीसा झाला नाही, तो संघीय अर्थसंकल्पात गेला, आणि तेव्हापासून दरवर्षी अर्थमंत्र्यांच्या टेबलावर इतर मागण्यांच्या रांगेत उभा असतो.