'दुसरी मातृभाषा' असं मराठीत म्हणता येतं का?

मारित्सा बोद्रोझिच या लेखिकेचा छोटा परिचय लिहितेय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीय. (त्या 'त्सा'चा उच्चार आपल्या 'चोर'मधल्या च सारखा, पण 'मारिचा' लिहिलं तर सगळे 'चहा'तला च वाचणार म्हणून त्सा.) बाईंचा जन्म १९७३ चा, दाल्मात्सियाच्या आतल्या भागातलं स्विब नावाचं खेडं, तेव्हाचा युगोस्लाव्हिया, आताचा क्रोएशिया. आईवडील जर्मनीत कामाला, पोरगी गावी आजोबांकडे, मग १९८३ ला दहाव्या वर्षी जर्मनीत हेसेनमध्ये आईबापांकडे आली आणि तिथे जर्मन शिकली. पुढे फ्रँकफुर्टला पुस्तकविक्रीचं रीतसर शिक्षण घेतलं (तिकडे दुकानात पुस्तकं विकायलाही कोर्स असतो, आपल्याकडे आवडीवर भागतं), आणि २००२ मध्ये पहिला कथासंग्रह आला तो थेट जर्मनमध्ये, 'टीटो इस्ट टोट' म्हणजे टीटो मेला. जर्मनला त्या आपली दुसरी मातृभाषा म्हणतात. मराठीत काय लिहू?

—

द्वितीय भाषा लिहा की सरळ. आया दोन कशा असतील?

—

द्वितीय भाषा अजिबात नको, डोळ्यासमोर दहावीची मार्कशीट येते, हिंदी संयुक्त ५० मार्क. जिच्यात आख्ख्या कादंबऱ्या लिहिल्या, युरोपियन युनियनचं साहित्य पारितोषिक मिळालं (२०१३, 'किर्शहोल्त्स उंड आल्टे गेफ्यूले' या कादंबरीला), तिला द्वितीय म्हणायचं?
आणि आया दोन नसतात कोण म्हणतं, देवकी-यशोदा आहेत ना!

—

यशोदाभाषा 😄 पण इथे उलटंय बघा. जन्म देणारी आईच जर्मनीत होती आणि क्रोएशियन सांभाळली आजोबांनी. म्हणजे पहिली खरं तर आजोबाभाषा झाली.

—

विनोद बाजूला ठेवा, हा मुद्दा खरा आहे. आपल्या जनगणनेत मातृभाषेची व्याख्या आहे, लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलायची ती, आणि आई तान्हेपणीच वारली असेल तर घरात मुख्यतः जी बोलली जायची ती. आई जिवंत आहे पण परदेशी कामाला आहे ही केस त्यात नाहीच. बोद्रोझिचबाई आपल्याकडच्या प्रगणकापुढे बसल्या असत्या तर त्याने पेन खाली ठेवून चहा मागितला असता.

—

मावशीभाषा कसं वाटतं? माय मरो मावशी जगो.

—

नको हो, माय कुठे मेलीय. 'श्टेर्ने एर्बेन, श्टेर्ने फेर्बेन' (२००७) या त्यांच्या पुस्तकाचा विषयच हा आहे, लहानपणीच्या भाषेतून निघून नव्या शब्दांमध्ये कसं पोचलो. पहिलीचा काटा काढून दुसरी आणली असं त्यात नाही.

—

थोडं अवांतर, पण त्या आईवडिलांना काय म्हणणार? जर्मन शब्द गास्टआर्बायटर, क्रोएशियनमध्येही तोच उचललाय. १९६८ ला पश्चिम जर्मनीचा युगोस्लाव्हियाशी कामगारभरतीचा करार झाला त्यानंतर ही माणसं मोठ्या संख्येने गेली. 'पाहुणे कामगार' वाचलं की वाटतं लग्नाला आलेत आणि वाढायला उठलेत. मी चाकरमानी म्हणेन. कोकणात आजीकडे पोरं आणि मुंबईत आईबाप, हे आम्ही घरोघरी पाहिलंय.

—

चाकरमानी चालेल पण एक लोचा, चाकरमानी गणपतीला घरी येतोच, आणि भाषा बदलायला लागत नाही त्याला, फार तर मालवणीची जरा मुंबई होते. इथे मुलगी कायमची गेली, आता बर्लिनला असते आणि लिहिते जर्मनमध्ये.

—

सगळ्यांना धन्यवाद. 'दुसरी मातृभाषा' असंच ठेवतेय, खटकलं तर खटकू दे, बहुतेक जर्मनमध्येही थोडं खटकावं म्हणूनच त्यांनी तसं म्हटलं असेल. आईवडिलांसाठी 'जर्मनीत मजुरीला गेलेले' लिहिते, चाकरमानी म्हटलं की विदर्भातले वाचक अर्थ विचारत बसतात.

—

विदर्भातले वाचक हजर आहेत आणि त्यांना चाकरमानी कळतं बरं का! बाकी इंग्रजीत काही मिळतं का यांचं?