म्युझिक व्हिडिओ आणि अल्बम कव्हरच्या प्रोजेक्टसाठी काय निवडू? (बजेट १००० रु.)

टीवाय_मीडिया
नमस्कार मंडळी. मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्यात. एक म्युझिक व्हिडिओ आणि एक अल्बम कव्हर, दोन्हींचं विश्लेषण करायचंय, मिळून २५०० शब्द. मॅडमची अट अशी की कव्हर खरंखुरं हातात घेऊन बघायचं, नेटवरचा फोटो चालणार नाही. सिनेमातलं गाणं नको. थिअरी कुठलीही लावा म्हणाल्या, पण "रंगसंगती आकर्षक आहे" असं लिहिलंत तर शून्य. बजेट १००० रुपये, वर एक रुपया नाही. घरी रेकॉर्ड प्लेअर नाही आणि घ्यायचाही नाही. पंधरा दिवस आहेत. काय घेऊ, कुठे मिळेल?

तबकडीबहाद्दर
डोळे झाकून पिंक फ्लॉइडचं 'द डार्क साइड ऑफ द मून' घे. १९७३, डिझाइन हिपग्नोसिस या ब्रिटिश डिझाइन संस्थेचं, चित्र जॉर्ज हार्डीचं. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. नवीन प्रत साडेतीन-चार हजारात मिळते, फार नाही. आत पोस्टर आणि स्टिकर असलेलीच घे, मूळ प्रतीबरोबर ते यायचे. माझ्याकडे दोन आहेत, एक ऐकायला, एक भिंतीवर. आणि प्लेअर नाही म्हणू नकोस, बेसिक बारा-पंधरा हजारात येतो.

खवचट_आजोबा
मुलीने बजेट हजार लिहिलंय हो. वाचता येतं ना?
'डार्क साइड'च्या कव्हरवरच्या त्या लोलकावर आजवर इतक्या पोरांनी लिहिलंय की मॅडमना पहिलं वाक्य पाठ असेल.

रमा_डॅलस
मी तर बीटल्सचं 'ॲबी रोड' सुचवेन. १९६९, फोटोग्राफर इयन मॅकमिलन. रस्त्यात शिडी लावून सहाच फोटो काढले, पोलिसाने तेवढा वेळ गाड्या थांबवल्या. त्यांच्यातला पॉल अनवाणी आहे, त्यावरून तो मेलाय अशी अफवा उठली. म्हणजे प्रेक्षक स्वतःच अर्थ कसा लावतात यावर आयतं पान भरेल. नाव न छापण्याची सुरुवातही त्यांचीच, फ्लॉइडची नाही.

गण्या_गिटारवाला
रमाताई, सुरुवात बीटल्सचीही नाही. रोलिंग स्टोन्सच्या १९६४ च्या पहिल्या ब्रिटिश अल्बमवर पुढे नाव नव्हतं, फक्त पाच जणांचा फोटो.

रमा_डॅलस
मी लोकप्रिय उदाहरणाबद्दल बोलत होते.

गण्या_गिटारवाला
मीही तथ्याबद्दल बोलत होतो 🙂

सरळसोट
व्हिडिओसाठी 'मेड इन इंडिया', आणखी शोधू नका. १९९५, अलिशा चिनॉय, संगीत बिड्डूचं, दिग्दर्शन केन घोषचं. राजकन्येपुढे देशोदेशीचे इच्छुक येतात, तिला एकही पटत नाही, आणि शेवटी लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण निघतो. खोकं! १९९१ नंतर परदेशी माल बाजारात आलाय, आणि इथे देशी माल पॅक करून पाठवलाय, तोही उघड्या छातीचा. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्हीने १९७५ मध्ये पुरुषी नजरेचं (कॅमेरा बाईकडे पुरुषाच्या डोळ्यांनी बघतो) मांडलं ते इथे उलटं करून बघा, निवड करणारी बाई आहे. पण शेवटी तिला मिळतो तो मालच, हेही लिहा.

तबकडीबहाद्दर
माझ्याकडे त्याची कॅसेट आहे. सीलबंद.

कोथरूडची_काकू
आमच्या वेळी हे असले कोर्स नव्हते. पण बाळ, 'मिले सुर मेरा तुम्हारा' कर गं. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर लागलं तेव्हा चाळीतली सगळी पोरं आमच्याकडे होती, टीव्ही आमचाच. सुरुवात भीमसेनजींची. चाल अशोक पत्कींची, शब्द पियूष पांडेंचे. डोळ्यात पाणी येतं अजून.

गण्या_गिटारवाला
तो म्युझिक व्हिडिओ कुठे, ते तर राष्ट्रीय एकात्मतेचं प्रचारगीत.

सरळसोट
मग सगळे म्युझिक व्हिडिओ काय असतात? कॅसेट खपवायच्या जाहिरातीच की.

कोथरूडची_काकू
भीमसेनजींना जाहिरात म्हणू नका कृपया.

फळा_खडू
मी हा विषय शिकवते, म्हणून थोडं लांब लिहिते. काय निवडता यापेक्षा कसं बघता याला गुण असतात. आधी आवाज बंद करून व्हिडिओ बघ आणि शॉट-लिस्ट कर: वेळ, शॉट लाँग की क्लोज, कॅमेरा हलतो का, काय दिसतं. मग चित्र न बघता फक्त ऐक. मग दोन्ही एकत्र. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाची कळ दाबली की एक फ्रेम मागे, पूर्णविरामाची दाबली की एक फ्रेम पुढे. कट तालावर पडतो की तालाला चुकवून, ते तेव्हाच कळतं. म्युझिक व्हिडिओचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांचे तीन प्रश्न पुरतात: चित्र शब्दांना नुसतं दाखवतं, वाढवतं, की त्यांच्या विरोधात जातं? तिसरं असेल तर निबंध आपोआप लिहिला जातो. काकूंचं उदाहरण वाईट नाही: भाषा बदलली की जागा बदलते, चाल मात्र तीच राहते. एकात्मतेचा सगळा युक्तिवाद संकलनातच आहे, कुणाच्या भाषणात नाही.

आणि एक महत्त्वाचं, जे मुलं हमखास चुकतात. नव्वदीतले व्हिडिओ ४:३ (जुन्या टीव्हीच्या, चौकोनाजवळच्या) चौकटीत केलेले असतात. आता ते कुणीतरी वर-खाली कापून किंवा आडवे ताणून आजच्या रुंद १६:९ मध्ये टाकतं. मग विद्यार्थी लिहितो, "दिग्दर्शकाने नायिकेचं कपाळ मुद्दाम फ्रेमबाहेर ठेवलं आहे." ते दिग्दर्शकाने नाही, अपलोड करणाऱ्याने ठेवलेलं असतं. दोन-तीन अपलोड शेजारी लावून बघ.

सरळसोट
हे मी सांगणारच होतो.

खवचट_आजोबा
सगळेच सांगणार होते.

टीवाय_मीडिया
@फळा_खडू मॅडम, खूप खूप धन्यवाद, कापलेल्या चौकटीचं माहीतच नव्हतं. बाकी सगळ्यांचेही आभार, पण कव्हर १००० च्या आत कुठे मिळेल ते अजून कुणी सांगितलं नाही 🙏

मंगळवार_पेठ
पुण्यातला जुना बाजार. रविवारी आणि बुधवारी भरतो. सकाळी लवकर जा, दहानंतर विक्रेते हुशार होतात. ताई, तुला गाणं ऐकायचं नाहीये ना? मग चरे पडलेली, वाकलेली तबकडी माग. प्लेअरवाले ती घेत नाहीत, त्यामुळे चांगलं कव्हर शे-दोनशेत सुटतं. कव्हर उलटं करून बघ: कड फाटून सेलोटेप लावलीय का, कसर लागलीय का, आधीच्या मालकाने बॉलपेनने नाव लिहिलंय का. नाव असेल तर तुझ्या प्रोजेक्टला उलट बरंच.

तबकडीबहाद्दर
जुन्या बाजारात माझी फसवणूक झाली होती. कव्हर रफीचं, आत निघालं भजन. नवीनच घ्यावं.

रमा_डॅलस
मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान होतं तेव्हा नुसतं चाळत उभं राहिलं तरी कुणी हाकलायचं नाही. २०१६ मध्ये बंद झालं. इथे डॅलसमध्ये गराज सेलला एक-दोन डॉलरला एलपी (मोठ्या तबकड्या) मिळतात. पत्ता दिलास तर पाठवते, पोस्टेज मात्र चाळीस डॉलरच्या वर जाईल.

गण्या_गिटारवाला
म्हणजे तीन-साडेतीन हजार. बजेट हजार आहे.

टीवाय_मीडिया
अपडेट. आज बाजारात गेले होते. एलपी बघितल्या, 'ॲबी रोड' एका जागी होती पण तो १८०० च्या खाली यायला तयार नव्हता. शेवटी कोळीगीतांची एक कॅसेट घेतली, ३० रुपये.

कव्हर तळहातावर मावतं. गायक-गायिकांचे फोटो कापून समुद्रावर चिकटवलेत. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि मागचा सूर्य उजवीकडे, म्हणजे स्टुडिओतला फोटो आणि दुसरीकडून आणलेला समुद्र. होडी गायिकेच्या खांद्याएवढी. कंपनीचा लोगो गायकांच्या नावापेक्षा मोठा. आतली पट्टी उलगडली तर ए आणि बी बाजूची गाणी, गायकांची नावं, पण गीतकाराचा पत्ताच नाही. आणि कण्यावर कुणीतरी निळ्या पेनने लिहिलंय: "बेबीची हळद". यावर मला १२०० शब्द आत्ताच सुचतायत.

व्हिडिओ रॅपर नेझीचं 'आफत' घेतेय, २०१४ चं. कुर्ल्याच्या पोराने आयपॅडवर गाणं रेकॉर्ड केलं, व्हिडिओही त्यावरच शूट केला. मॅडमना विचारलं, दोन्ही चालेल म्हणाल्या.

तबकडीबहाद्दर
कॅसेटचं कव्हर म्हणजे अल्बम कव्हर नव्हे. ती पट्टी असते.

सरळसोट
एवढं सगळं सांगूनही रॅप? मग विचारलंत कशाला?

फळा_खडू
कॅसेटची निवड मला आवडली. गीतकाराचं नाव नसणं हा एक परिच्छेद नाही, निम्मा निबंध आहे. त्याच बाजारातून आणखी दोन-तीन कोळीगीतांच्या पट्ट्या घे आणि नावं कुठे आहेत, कुठे नाहीत ते ताडून बघ. एकीवरून निष्कर्ष काढू नकोस. 'आफत'बद्दल मात्र सांभाळ. आयपॅडवर शूट केलं हे कौतुक झालं, विश्लेषण नव्हे. कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे, वस्तीतले लोक त्याच्याकडे बघतात की बघत नाहीत, ते लिही.

कोथरूडची_काकू
ती बेबी कोण असेल गं? ठाण्याकडची असेल तर माझ्या जावेच्या ओळखीचे बरेच आगरी लोक आहेत, विचारू का?

गण्या_गिटारवाला
काकू, कोळी आणि आगरी वेगळे.

कोथरूडची_काकू
माहितेय मला. हळदीला गाणी तीच लावतात.

मंगळवार_पेठ
३० रुपये जास्त दिलेस ताई. दहाला मिळते.