बूस्ट गेज: कामाचा काटा की डॅशबोर्डचं बाशिंग?

स्टॉकच_बरी
टर्बो पेट्रोल गाडी घेतली की महिन्याभरात बूस्ट गेज, म्हणजे टर्बो इंजिनात किती जादा दाबाने हवा कोंबतो ते दाखवणारा ५२ मिलिमीटरचा गोल डायल, खुणावायला लागतो. माझं मत सरळ आहे: कंपनीच्या ट्यूनवर (इंजिनाच्या मूळ सेटिंगवर) चालणाऱ्या गाडीत, आणि तीही मुंबईत, वेगळा बूस्ट गेज बसवू नये. संध्याकाळी अंधेरी ते दहिसर काटा शून्याच्या डावीकडे, व्हॅक्यूमच्या (वातावरणापेक्षा कमी दाबाच्या) बाजूलाच पडून असतो, कारण थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) उघडायला जागाच मिळत नाही. बूस्ट किती द्यायचा ते ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरवतो, तेही आत येणाऱ्या हवेचं तापमान, गिअर, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) बघून. मे महिन्यातल्या दुपारी काटा सकाळपेक्षा कमी चढला की लोक टर्बो गेला म्हणून गॅरेज गाठतात. गाडीत खोट काही नसते, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) तापलेला असतो. आकडा बघायचाच तर ओबीडी पोर्टात (स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये) ब्लूटूथचा डोंगल लावा, फोनवर दिसतो. होज कापायची नाही, वॉरंटीचा वाद नाही.

काटा_बघणारा
ईसीयू सगळं बघतो, पण सांगतो उशिरा. इंटरकूलरचा होज क्लॅम्पपाशी चिरला तर सुरुवातीला गाडी फक्त जरा जड ओढते. वेस्टगेट (टर्बोला चुकवून धूर बाहेर सोडणारी झडप) जास्त मिटून ईसीयू ती तूट भरून काढत राहतो. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांतला फरक ठरावीक वेळ टिकला तरच पी०२९९ (बूस्ट कमी असल्याचा बिघाड कोड) येतो. काट्यावर मात आधीच कळतं: त्याच गिअरला, त्याच आरपीएमला बूस्ट उशिरा चढतो आणि वर टिकत नाही.

ट्रॅफिकमध्ये काटा निकामी, हेही पटत नाही. मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे गरम इंजिनाचं आयडलिंग व्हॅक्यूम साधारण १८ ते २१ इंच पारा (व्हॅक्यूम मोजायचं एकक) मिळतं, एसी लावला की थोडं उतरतं. बदलते व्हॉल्व्ह टायमिंग असलेल्या इंजिनात मुळात कमी असू शकतं, म्हणून आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा लक्षात ठेवायचा. तो कायमचा खाली आला तर गळती शोधा. काटा ठेक्यात थरथरला तर मिसिंग किंवा व्हॉल्व्ह बघा. हे सगळं सिग्नलला उभं राहून दिसतं.

आणि डोंगल? स्वस्तातला सेकंदाला मोजकीच वाचनं देतो. चार आकडे एकदम मागितले की आणखी मंदावतो, तेवढ्यात बूस्टचा टोकाचा क्षण निसटलेला असतो. शिवाय मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पोकळ भागाच्या) दाबाचा जो साधा पीआयडी (ओबीडीवर आकडा मागायचा कोड) आहे तो एका बाइटचा, २५५ किलोपास्कलला संपतो. त्यातून वातावरणाच्या दाबाचे १०१ वजा केले की २२ पीएसआयच्या (गेजवरचं दाबाचं एकक) वरचं काही दिसतच नाही.

वायरमन_कुर्ला
गेज हवा की नको ते तुम्ही दोघं ठरवा. गाड्या बिघडतात त्या टी (गेजला दाब द्यायला नळीत घातलेला तीन तोंडांचा जोड) चुकीच्या जागी मारल्यामुळे.

ब्रेक बूस्टरच्या जाड पाइपवर टी मारू नका. बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत ब्रेकला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, त्यामुळे काटा कायम उणे दाखवतो आणि बूस्ट कधीच दिसत नाही. वर तो जोड सुटला तर ब्रेक पेडल दगड होतं. पर्ज लाइनमध्ये (पेट्रोल टाकीची वाफ इंजिनात नेणाऱ्या नळीत) चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असतो, त्याच्या पलीकडे बूस्ट पोहोचत नाही. वेस्टगेट हलवणाऱ्या अ‍ॅक्चुएटरच्या नळीत सोलेनॉइडने (विजेवरच्या झडपेने) कमी केलेला दाब असतो, तो खरा नव्हे. थ्रॉटलच्या अलीकडे टॅप घेतला तर व्हॅक्यूम दिसणार नाही. जागा एकच: थ्रॉटलनंतर, मॅनिफोल्डवर.

मोकळी, रबरी टोपी लावलेली निपल (नळी चढवायचं तोंड) सापडली तर उत्तम. हल्ली मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) थेट मॅनिफोल्डवर स्क्रूने बसतो, नळी नसतेच. तिथे सेन्सरखाली बसणारा अ‍ॅडॅप्टर घ्या, सोबत लांब स्क्रू आणि नवी ओ-रिंग. ओ-रिंगला तेलाचं बोट लावा, नाहीतर बसवताना कापली जाते. मॅनिफोल्ड प्लास्टिकचा आहे, स्क्रू हाताने आवळा, गनने नको.

नळी ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची, भिंत निदान २ मिलिमीटरची सिलिकॉनची. पातळ पीव्हीसी टर्बोजवळ मऊ पडते, बूस्टला फुगते, व्हॅक्यूमला चिपकते. जोडावर क्लिप हवीच. काटा फडफडत असेल तर नळीत १ मिलिमीटर भोकाचा पितळी रेस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारा तुकडा) टाका.

वीज: आधी बॅटरीची उणे तार काढा. फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा लाइन देणाऱ्या जोडाने) इग्निशनवर चालू होणारी लाइन घ्या, गेजला २ किंवा ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज, ०.५ चौरस मिलिमीटरची वायर. एअरबॅग आणि ईसीयूच्या फ्यूजला हात लावायचा नाही. अर्थिंग बॉडीच्या मूळ बोल्टवर. लॅमिंग्टन रोडला फ्यूज टॅप, स्लीव्ह, क्रिंप सगळं मिळतं, पिळून टेप मारायला काही कारण उरत नाही.

डिझेल_जिंदाबाद
डिझेलवाल्यांनी व्हॅक्यूमचा भाग असलेला गेज घेऊन पैसे घालवू नयेत. डिझेलमध्ये पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल चालत नाही, आयडलिंगला काटा शून्यापाशीच राहतो. ० ते ३० पीएसआयचा घ्या. बाकी होज चिरला तर मागून निघणारा काळा धूर काट्याच्या आधी सांगतो!

स्टॉकच_बरी
२५५ ची मर्यादा मान्य. पण स्टॉक (मूळ ट्यूनची) पेट्रोल गाडी तिथवर जातेच कुठे? ट्यून केलेल्या गाडीला गेज लागतो, याला माझा विरोध नव्हताच.

माझी खरी हरकत केबिनमध्ये येणाऱ्या नळीला आहे. मेकॅनिकल गेज म्हणजे मॅनिफोल्ड थेट डॅशबोर्डपर्यंत आणणं. नळी आत फुटली की बूस्टला पेट्रोल-तेलाची वाफ तुमच्या नाकात. त्यात आपल्याकडे पार्किंगमधले उंदीर, ते वायरी सोडत नाहीत तर सिलिकॉन सोडतील? फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) ग्रोमेटला (वायरींभोवतीच्या रबरी बुचाला) मोठा कट मारला की पहिल्याच पावसात पायाखालचा गालिचा भिजतो. आणि ए-पिलरवर (पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर) पॉड (गेजचं घर) बसवायला स्क्रू मारणाऱ्यांना तर काय म्हणावं. कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत ती तिथूनच जाते.

काटा_बघणारा
नळीबाबत सहमत, म्हणून मेकॅनिकल घेऊच नये. इलेक्ट्रॉनिक गेजचा सेन्सर बोनेटखालीच राहतो, केबिनमध्ये फक्त वायर येते. सेन्सर ब्रॅकेटवर, टॅपपेक्षा उंच आणि तोंड खाली करून लावा, म्हणजे पीसीव्हीमधून (इंजिनातली तेलकट वाफ मॅनिफोल्डकडे नेणाऱ्या झडपेतून) आलेलं तेल त्यात साचत नाही. मात्र वायर वाचवायला गाडीच्याच मॅप सेन्सरच्या सिग्नलला जोड देऊ नका. तो सिग्नल जरा जरी हलला तरी ईसीयूचा हिशेब चुकतो.

पॉड एसी व्हेंटमध्ये किंवा स्टिअरिंग कॉलमवर. डबल टेप उन्हात सुटते, एवढं धरून चाला.

घाटवाला
फोनच्या अ‍ॅपमध्ये आणखी एक गंमत आहे. काही अ‍ॅप वातावरणाचा दाब कायम १०१ किलोपास्कल धरतात. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, तो ८६ च्या आसपास असतो. इंजिन बंद असतानाही अ‍ॅप उणे २ पीएसआय दाखवतं. बॅरोमेट्रिक (वातावरणाच्या दाबाचा) पीआयडी वाचणारं अ‍ॅप घ्या.

साध्या गेजवर उलटा घोळ. ईसीयूला मॅनिफोल्डमध्ये २२० किलोपास्कल हवे असतील तर मुंबईत काटा सव्वासतरा पीएसआयजवळ जातो. वर महाबळेश्वरला तेच २२० राखायला साडेएकोणीसजवळ. टर्बोला झेपलं तरच, नाहीतर ईसीयू आधीच हात आखडता घेतो. घाट चढून गेल्यावर काटा दोनने वाढला म्हणून ओव्हरबूस्ट समजू नका.

वायरमन_कुर्ला
ग्रोमेटला कट नाही, टोच्याने भोक पाडायचं, वायर ओढून घ्यायची. बाहेरच्या बाजूला वायरला खाली झोळ ठेवा, पाणी तिथूनच ठिबकतं. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका, त्याने तांबं हिरवं पडतं. उंदरासाठी जाळीदार स्लीव्ह, तरी दर पंधरवड्याला बोनेट उघडून बघावंच लागतं.

काम झाल्यावर तपासणी अशी. बसवण्याआधी गरम इंजिनाचं आयडलिंग आरपीएम आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (मिश्रण नीट राहावं म्हणून ईसीयू पेट्रोलात सतत करत असलेली कमी-जास्त) लिहून ठेवा, आणि दोनेक दिवस चालवून पुन्हा बघा. मास एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) गाडीत टी गळत असेल तर आयडलिंगला ट्रिम अधिककडे सरकते आणि बूस्टला मिश्रण गडद (पेट्रोल जास्त) होतं. मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत ट्रिम फारशी हलत नाही, म्हणून नुसत्या ट्रिमवर विसंबू नका. तिथे आयडलिंग वर चढतं किंवा ते धरून ठेवायला थ्रॉटल पूर्वीपेक्षा जास्त मिटतो, स्कॅनरवर थ्रॉटलचा टक्का बघा. शंका आली तर जोडावर साबणाचं पाणी आणि बाहेरून पंपाने ५ पीएसआय, बुडबुडा आला की क्लिप बदला.