लिपिड पुटिका पृष्ठभागावर फुटतात की शाबूत राहतात?

प्रश्न
क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्समध्ये (कंप पावणाऱ्या क्रिस्टलवर वस्तुमान चढले की वारंवारता घटते, त्यावरून ते मोजणारे उपकरण) ५ मेगाहर्ट्झच्या, सिलिकाचा थर दिलेल्या क्रिस्टलवर फॉस्फॅटिडिलकोलीन या लिपिडच्या पुटिका (पाणी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या) सोडल्या, की वारंवारता आधी झपाट्याने घटते आणि मग पुन्हा चढून मूळ पातळीच्या सुमारे २६ हर्ट्झ खाली स्थिरावते. टायटॅनियम डायऑक्साइडवर मात्र ती घटते आणि तिथेच राहते. सिलिकावरचे लिपिड सुटून द्रावणात परत जाते, असे समजावे का? पायसातील (तेल पाण्यात विखुरलेल्या मिश्रणातील) तेलाचे थेंबही असेच वागतील का?

पहिले उत्तर
सुटते ते मुख्यतः पाणी. शाबूत पुटिकेच्या पोटातले आणि दोन पुटिकांच्या मधले पाणीही क्रिस्टलबरोबर हलत असल्याने ते वस्तुमानात मोजले जाते. सिलिकावर पुटिकांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली, की त्या फुटून पसरतात, पाणी निसटते आणि सुमारे ४ ते ५ नॅनोमीटर जाडीचा सलग द्विस्तर (लिपिडचा दुहेरी थर) उरतो. केलर आणि कासेमो या संशोधकांनी १९९८ मध्ये सिलिका आणि ऑक्सिडीकृत सोने यांच्यात असाच फरक दाखवला. ऊर्जाक्षयाची (कंपनाची ऊर्जा किती विरते याची) नोंद अवश्य पाहावी: द्विस्तर झाला असेल तर ती जवळजवळ शून्यावर येते, शाबूत पुटिकांचा मऊ थर असेल तर वरच राहते.

दुसरे उत्तर
यात कारणाची भर घालतो. पुटिका पृष्ठभागाला चिकटल्याने मिळणारी ऊर्जा आणि तिचे लिपिडचे पटल वाकवण्यासाठी लागणारी ऊर्जा यांच्या ओढाताणीत पुटिकेचे भवितव्य ठरते. चिकटण्याचा लाभ संपर्कक्षेत्राबरोबर वाढतो, पण वाकवण्याची किंमत आकारावर फारशी अवलंबून नसते. म्हणून फार लहान पुटिका चिकटतच नाहीत. टायटॅनियम डायऑक्साइडवर ओढ पुटिकेला धरून ठेवण्याइतकी असते, फोडण्याइतकी सहसा नसते. विशेषतः ऋणभारित लिपिड मिसळलेले असेल, तर कॅल्शियम घातल्याने हे पारडे फिरू शकते.

तिसरे उत्तर
थेंबांचे गणित वेगळे आहे. त्यांच्या पोटात पाणी नसून तेल असते आणि भोवती लिपिडचा एकच स्तर असतो. त्यामुळे पाणी निसटून वारंवारता चढण्याची ती खूण इथे शोधू नये. जलस्नेही पृष्ठभाग आणि थेंब यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा टिकून राहिला, तर थेंब नुसता टेकतो; जलविरोधी पृष्ठभागावर तो पडदा फाटून तेल पसरू शकते. लेसिथिनने (फॉस्फोलिपिडांच्या मिश्रणाने) स्थिर केलेले थेंब बहुधा ऋणभारित असतात आणि उदासीन पाण्यात सिलिकाही ऋणभारितच असते, म्हणून मीठ घालून हे प्रतिकर्षण झाकल्याशिवाय अधिशोषण (पृष्ठभागाला चिकटणे) क्षीणच दिसेल.

मोजणीतही दोन अडचणी आहेत. पाण्यात ५ मेगाहर्ट्झचे कंपन सुमारे २५० नॅनोमीटरपर्यंतच पोहोचते, त्यामुळे मोठा थेंब पूर्णपणे नोंदला जात नाही. शिवाय पाण्याहून हलके तेल वर चढते, आणि तळाशी बसवलेल्या क्रिस्टलवर मोठे थेंब कमी पोहोचतात.